क्लब नेमका कधी जन्मला? जुन्या फुटबॉल क्लबांचे मूळ आणि नामांतरे शोधणाऱ्यांसाठी

स्टोक सिटी हा इंग्लंडमधील क्लब आपला जन्म १८६३ सालचा सांगतो. 'द फील्ड' या लंडनच्या साप्ताहिकात मात्र सप्टेंबर १८६८ मध्ये अशी बातमी आहे की, स्टोक-अपॉन-ट्रेंट येथे असोसिएशनच्या (म्हणजे रग्बीच्या नव्हे, आजच्या फुटबॉलच्या) नियमांनी खेळण्यासाठी एक नवा क्लब निघाला असून, चार्टरहाउस शाळेच्या संघात नाव कमावलेला एच. जे. आल्मंड हा खेळाडू तो चालवीत आहे. एकाच क्लबाच्या दोन जन्मसालांत पाच वर्षांचे अंतर आहे, आणि इंग्लंडमधल्या जुन्या क्लबांचा इतिहास चाळू लागलात की अशी अंतरे तुम्हाला वारंवार भेटतील.

मी या विषयात शिरलो तो स्वतःच्या चुकीमुळे. एका जुन्या क्लबाविषयी लेख लिहिताना मी त्याच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेत छापलेले स्थापनेचे साल जसेच्या तसे उतरवले. लेख छापून आल्यावर एका वाचकाने त्या सालाच्याही तीन वर्षे आधी खेळल्या गेलेल्या, त्याच क्लबाच्या सामन्याचे कात्रण मला पाठवले. त्यानंतरचे कित्येक महिने मी पुण्यात बसून जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांची पाने चाळण्यात घालवले. त्यातील निम्मा वेळ चुकीच्या क्रमाने काम केल्यामुळे वाया गेला. तो तुमचा जाऊ नये, एवढ्यासाठी पुढील पायऱ्या लिहीत आहे.

१. प्रश्न आधी मोडून घ्या

'क्लब कधी स्थापन झाला?' हा एक प्रश्न नसून त्यात किमान चार प्रश्न दडलेले असतात. ही माणसे एकत्र खेळू कधी लागली, त्यांनी हे नाव कधी घेतले, या मैदानावर ती कधी आली, आणि कायद्याच्या दृष्टीने ही संस्था कधी अस्तित्वात आली, अशी चार उत्तरे वेगवेगळी निघू शकतात. मँचेस्टर युनायटेडचे उदाहरण घ्या. लँकाशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील कामगारांचा संघ १८७८ मध्ये निघाला असे सर्वत्र मानले जाते. त्याचा पहिला नोंदलेला सामना २० नोव्हेंबर १८८० चा आहे, आणि तो बोल्टन वाँडरर्सच्या दुय्यम संघाने ६-० असा जिंकला. १८९२ मध्ये फुटबॉल लीग या इंग्लंडमधील साखळी स्पर्धेत प्रवेश मिळाला, त्याच सुमारास रेल्वेशी असलेले नाते तुटले आणि 'न्यूटन हीथ एल. वाय. आर.' या नावातील रेल्वेची आद्याक्षरेही गळाली. १९०२ मध्ये कर्जापायी दिवाळखोरीची वेळ आल्यावर जे. एच. डेव्हिस या मद्यउत्पादकाने पैसा घातला आणि 'मँचेस्टर युनायटेड' हे नाव आले. यांपैकी कोणतेही साल खोटे नाही; ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

या चारांत पाचवा प्रश्न जोडायला मी फार उशिरा शिकलो: हा क्लब कोणता फुटबॉल खेळत होता? १८६० आणि १८७० च्या दशकांत 'फुटबॉल क्लब' म्हटले की तो रग्बी खेळणारा असण्याची शक्यताही तेवढीच असे. १८७२-७३ च्या हिवाळ्यात निघालेला कलकत्ता फुटबॉल क्लब रग्बीचाच होता. १८७८ मध्ये तो मोडीत निघाला, तेव्हा सभासदांनी बँकेतील चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवून इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्या कलकत्ता कपासाठी रग्बी खेळतात तो हाच. ब्रॅडफर्ड सिटीचे मूळही १८८० च्या मॅनिंगहॅम या रग्बी क्लबात आहे. १९०३ मध्ये त्याने खेळ आणि नाव दोन्ही बदलले. तो क्लब स्वतःचा जन्म १९०३ चा मानतो, आणि माझ्या मते हे प्रामाणिकपणाचे आहे.

२. साधने जमवा

पुढील गोष्टी हाताशी असल्याशिवाय कामाला लागू नका:

- ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हची सशुल्क वर्गणी. ती महिन्याच्या हिशेबानेही मिळते. आधी शोधायच्या गोष्टींची यादी करा आणि मगच वर्गणी भरा.
- वेल्सच्या सीमेजवळच्या क्लबांसाठी वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा विनामूल्य वृत्तपत्रसंग्रह.
- स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संकेतस्थळावर खुले ठेवलेले ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचे जुने नकाशे. मैदान कोठे होते आणि त्याच्या जागी पुढे काय आले, हे त्यावरून समजते.
- दर दहा वर्षांनी झालेल्या ब्रिटिश जनगणनेच्या नोंदी, विशेषतः १८७१, १८८१ आणि १८९१ च्या.
- क्लब कंपनी झालेला असल्यास तिची कागदपत्रे. विसर्जित झालेल्या अनेक जुन्या कंपन्यांच्या फाइली लंडनच्या क्यू भागातील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.
- कोणत्याही तारखेचा वार सांगणारे कायमस्वरूपी कॅलेंडर. हे क्षुल्लक वाटेल; पुढे त्याचे कारण येईल.
- आणि एक साधी स्प्रेडशीट.

सभावृत्तांची वही सापडली तर नशीब उघडले असे समजा, परंतु त्या आशेवर बसू नका. शेफील्ड एफसी या १८५७ मध्ये निघालेल्या क्लबाच्या हस्तलिखित नियमांसह जुने दप्तर टिकले, आणि २०११ मध्ये लंडनच्या लिलावात त्याला ८,८१,२५० पौंड मिळाले. बहुतेक क्लबांचे दप्तर मात्र आगीत, पुरात किंवा कोण्या चिटणिसाच्या माळ्यावर संपलेले असते.

३. शकावली तयार करा आणि बखर वेगळी ठेवा

मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शिवजन्मतिथीच्या वादात बखरी, शकावल्या आणि समकालीन कागद यांना वेगवेगळे वजन देण्याची सवय आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. तीच येथे लावायची आहे. क्लबाची सुवर्णमहोत्सवी पुस्तिका, सामन्याच्या दिवशी विकली जाणारी कार्यक्रमपत्रिका, जुन्या खेळाडूने म्हातारपणी वार्ताहराला सांगितलेल्या आठवणी, क्लबाच्या बोधचिन्हावरील साल, या सगळ्या बखरी समजा. त्या टाकाऊ नसतात, पण त्यांची जागा वेगळ्या रकान्यात असते.

स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करा: घटनेची तारीख, नोंद ज्या कागदात आहे त्याची तारीख, त्या कागदाचे नाव आणि पान, क्लबाचे नाव नोंदीत जसे छापले आहे तसेच, आणि शेरा. पहिल्या दोन रकान्यांमधील अंतर हीच खरी मोजपट्टी आहे. १८६८ ची घटना १८६८ च्या कागदात असेल तर ती भक्कम आहे. १८६३ ची घटना चाळीस वर्षांनंतरच्या कागदात प्रथम दिसत असेल तर ती आठवण आहे. चौथ्या रकान्यात नाव 'सुधारून' लिहिण्याचा मोह टाळा. वार्ताहराने 'स्मॉल हीथ ॲलायन्स' या क्लबाच्या नावातील 'ॲलायन्स' हा शब्द गाळला असेल तर तुम्हीही तो गाळा, कारण कधी कधी नामांतराचा पहिला मागमूस त्या गाळण्यातच असतो.

४. वर्तमानपत्रे वाचण्याची रीत

बहुतेक जण क्लबाचे नाव शोधपेटीत टाकतात आणि शेकडो निकालांत हरवतात. मीही तेच केले होते. 'स्टोक' टाकले की स्टोक न्यूइंग्टनपासून डझनभर गावे पुढे येतात. शिवाय जुन्या छपाईचे यांत्रिक अक्षरवाचन इतके चुकते की हवी ती बातमी निकालात येतच नाही. त्याऐवजी प्रतिस्पर्ध्याचे नाव, मैदानाचे नाव किंवा कप्तानाचे आडनाव शोधा. सर्वांत उत्तम उपाय कंटाळवाणा आहे: स्थानिक साप्ताहिकाचे सप्टेंबर ते एप्रिल या हंगामातील प्रत्येक अंकाचे क्रीडापान स्वतः उघडून वाचा. एका हंगामाला साधारण दोन संध्याकाळी लागतात.

स्थानिक पत्राखेरीज 'बेल्स लाइफ इन लंडन', 'द फील्ड', 'द स्पोर्ट्समन' आणि १८७५ पासून निघणारे मँचेस्टरचे 'ॲथलेटिक न्यूज' पाहा. या पत्रांना क्लबांचे चिटणीस स्वतः मजकूर पाठवीत, म्हणून क्लब स्वतःला त्या वेळी काय म्हणवून घेत होता हे त्यांतून कळते.

आता कॅलेंडरचे कारण. बातमीत तारीख क्वचितच असते. 'गेल्या शनिवारी' असे लिहिलेले असते. साप्ताहिक शनिवारीच निघत असेल तर हा 'गेला शनिवार' आठवड्यापूर्वीचा असतो, आणि दुसऱ्या पत्रातून उचललेली बातमी असेल तर पंधरवड्यापूर्वीचाही असू शकतो. स्टोकचा पहिला ज्ञात सामना १७ ऑक्टोबर १८६८ चा. ई. डब्ल्यू. मे याने जमवलेल्या संघाविरुद्ध तो १-१ असा बरोबरीत सुटला आणि स्टोकचा गोल आल्मंडने केला. कॅलेंडर त्या दिवशी शनिवारच दाखवते. कामगारांना सुटी शनिवारी दुपारी मिळत असल्यामुळे साधे सामने बहुधा त्याच दिवशी होत. एखाद्या पुस्तिकेतील 'पहिल्या सामन्या'ची तारीख मंगळवार निघाली तर ती लगेच खोटी ठरवू नका. फक्त दुसरा पुरावा मागा.

वार्षिक सभेच्या बातम्या कधीही सोडू नका. 'क्लबाची तिसरी वार्षिक सभा' असा उल्लेख १८७१ मध्ये सापडला, तर क्लब स्वतःच्या हिशेबाने १८६८ च्या आसपास निघाला असे उलट मोजता येते. येथे एक सापळा आहे: काही क्लब पहिली संस्थापक सभाही मोजतात, काही मोजत नाहीत, आणि काही हंगाम मोजतात. सलग दोन-तीन वर्षांचे क्रमांक जुळतात का, हे पाहिल्याशिवाय उलट मोजणी करू नये.

५. माणसांचा माग काढा

कागद संपतात तेथे माणसे मदतीला येतात. स्टोकच्या परंपरागत कथेत चार्टरहाउसचे माजी विद्यार्थी नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करताना १८६३ मध्ये क्लब काढतात. पण १८६८ च्या बातमीत आल्मंडची ओळख शाळेच्या संघातील खेळाडू अशी दिलेली आहे, म्हणजे तो नुकताच शाळेतून बाहेर पडला असावा. मग पाच वर्षे आधी तो दुसऱ्या गावी रेल्वेच्या कारखान्यात कसा असेल? शाळेची जुनी पटनोंद आणि जनगणना एकमेकांना लावून पाहिल्या की अशा कथांचे वय उघडे पडते. 'स्टोक रॅम्बलर्स' हे नाव या सुरुवातीच्या काळातील. 'सिटी' हा शब्द स्टोक-ऑन-ट्रेंटला शहराचा दर्जा मिळाल्यावर १९२५ मध्ये लागला.

१८६३ हे साल तेथे कसे चिकटले असावे, याविषयी माझा एक तर्क आहे आणि तो तर्कच आहे. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. जुन्या क्लबाला त्या सालाशी सोयरीक जोडावीशी वाटणे स्वाभाविक आहे.

जनगणनेतील एक खाचखळगा: एकाच गावात एकाच नावाची चार माणसे असतात. व्यवसाय, गल्ली आणि वय या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय कोणालाही 'आपला' संस्थापक म्हणू नका.

६. नाव का बदलले, हे विचारा

नामांतराची नुसती यादी उपयोगाची नसते. कारण शोधले की पुढचा कागद कोठे असेल ते कळते.

मालक किंवा कारखाना सुटणे हे पहिले कारण. थेम्स आयर्नवर्क्स या जहाजकारखान्याचा १८९५ चा संघ जून १९०० मध्ये विसर्जित झाला आणि पुढच्याच महिन्यात वेस्ट हॅम युनायटेड निघाला. असे दिसले की कारखान्याची स्वतःची पत्रिका आणि कंपनीचे कागद धुंडाळा. आर्सेनलची कथाही याच जातीची. लंडनमधील वूलिचच्या शस्त्रकारखान्यातील कामगारांनी १८८६ मध्ये 'डायल स्क्वेअर' हा संघ काढला, तो लवकरच 'रॉयल आर्सेनल' झाला, आणि १८९३ मध्ये लिमिटेड कंपनी होताना 'वूलिच आर्सेनल'. १९१३ मध्ये क्लब लंडनच्याच हायबरी भागात गेला, तेव्हा नावातील वूलिचला अर्थच उरला नाही. मैदान बदलल्यामुळे नाव बदलते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

मोठ्या शहराचे नाव घेण्याची महत्त्वाकांक्षा हे दुसरे कारण. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातील 'स्मॉल हीथ ॲलायन्स' १८८८ मध्ये कंपनी होताना नुसता 'स्मॉल हीथ' झाला, १९०५ मध्ये 'बर्मिंगहॅम', आणि 'सिटी' १९४३ मध्ये आले.

'युनायटेड' या शब्दाने मात्र फसू नका. तो दिसला की दोन क्लबांचे विलीनीकरण झाले असे आपण गृहीत धरतो. न्यूकॅसलमध्ये वेस्ट एंड क्लब १८९२ मध्ये बुडाला, ईस्ट एंडने त्याच्या सेंट जेम्स पार्क या मैदानाचा ताबा घेतला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात 'न्यूकॅसल युनायटेड' हे नाव स्वीकारले. त्याला विलीनीकरण म्हणता येत नाही. एक क्लब संपला आणि दुसऱ्याने शहराचे नाव घेतले. मँचेस्टर युनायटेडच्या बाबतीत तर १९०२ साली दुसरा कोणताही क्लब जोडलाच गेला नव्हता.

७. धागा सलग आहे का?

सर्वांत कडवे वाद या पायरीवर होतात. फूट, विलीनीकरण आणि पुनर्जन्म असे तीन प्रकार समोर येतील.

फुटीसाठी लिव्हरपूल पाहा. १८९२ मध्ये ॲनफील्ड मैदानाच्या भाड्यावरून एव्हर्टनचे सभासद आणि मैदानाचा धनी जॉन हौल्डिंग यांच्यात भांडण विकोपाला गेले. सभासदांचा मोठा गट गुडिसन पार्कला निघून गेला. हौल्डिंगजवळ मैदान राहिले, आणि त्याने एव्हर्टनचेच नाव असलेली कंपनी उभी केली. फुटबॉल असोसिएशनने ते नाव त्याला नाकारले, म्हणून 'लिव्हरपूल' जन्मले. मैदान एकाकडे, माणसे दुसऱ्याकडे, आणि नावाचा निवाडा तिसऱ्याने केला. फुटीच्या बाबतीत नेहमी विचारा: निवाडा कोणी केला, आणि त्याचा कागद कोणाकडे असेल?

विलीनीकरणात साल निवडण्याला वाव असतो. क्वीन्स पार्क रेंजर्समध्ये दोन तरुण संघ १८८६ मध्ये एकत्र आले. क्लब मात्र त्यांपैकी जुन्या संघाचे १८८२ हे साल धरतो.

पुनर्जन्माचे दावे तपासताना हात राखून राहा. क्रिस्टल पॅलेस २०२० पासून स्वतःला १८६१ च्या त्याच नावाच्या हौशी क्लबाचा वारस म्हणवतो. तो जुना क्लब असोसिएशनच्या संस्थापकांपैकी होता आणि १८७१-७२ च्या पहिल्या एफए कपात (असोसिएशनच्या चषकस्पर्धेत) उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. परंतु १८७० च्या दशकाच्या मध्यानंतर त्याचा माग हरवतो आणि व्यावसायिक क्लब निघतो तो १९०५ मध्ये. दोन्हींच्या मागे क्रिस्टल पॅलेस कंपनी होती, हा क्लबाचा आधार आहे. मला तो अपुरा वाटतो: जागेचा धनी एकच असल्याने संघ एकच ठरत नाही, आणि मधल्या तीन दशकांत सलग सामने दाखवता येत नाहीत. तुमचे मत वेगळे असू शकते. रिकामी वर्षे मात्र शकावलीत रिकामीच दिसू द्या.

आणखी एक फसगत म्हणजे शेजारचा नामबंधू. फुटबॉल लीगच्या १८८८ च्या बारा संस्थापक क्लबांतील 'ॲक्रिंग्टन' आणि पुढे प्रसिद्धीस आलेला 'ॲक्रिंग्टन स्टॅनले' हे वेगळे क्लब आहेत. पहिला १८९६ मध्ये संपला. दोघांची मिसळ केलेले लेख मी अनेकदा वाचले आहेत.

८. आपल्याकडच्या क्लबांसाठी

रीत हीच, साधने वेगळी. कोलकात्याच्या मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची. तेव्हा नावात 'स्पोर्टिंग' होते आणि पहिल्या वर्धापनदिनी त्याचे 'ॲथलेटिक' झाले. २०२० मध्ये 'एटीके' हे कोलकात्याच्याच दुसऱ्या क्लबाचे नाव पुढे लागले आणि समर्थकांच्या रोषानंतर २०२३ मध्ये 'सुपर जायंट' मागे लागले, म्हणजे नामांतराचे राजकारण एकोणिसाव्या शतकातच संपलेले नाही. मोहम्मडन स्पोर्टिंगचा धागा जुबिली, क्रेसेंट आणि हमिदिया या नावांमधून १८९१ पर्यंत येतो. तेथे प्रत्येक सांध्यासाठी वेगळा पुरावा मागावा लागतो.

मुंबईसाठी 'टाइम्स ऑफ इंडिया'चे जुने अंक आणि १८९१ पासूनच्या रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेच्या बातम्या उपयोगी पडतात. तेथे पलटणींचे संघ फार आहेत, आणि १८८१ च्या लष्करी फेररचनेत ब्रिटिश पलटणींची नावेच बदलली हे विसरलात तर एका संघाचे दोन संघ कराल. गोव्यात १९६१ पूर्वीची साधने बव्हंशी पोर्तुगीजमध्ये आहेत. १९०० मध्ये सुरू झालेले 'ओ हेराल्डो' दीर्घकाळ पोर्तुगीज दैनिक होते. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाण्यापूर्वी क्लब आणि सामना यांसाठीचे पोर्तुगीज शब्द लिहून न्या. तेथेही उद्योगघराण्याचे नाव पुढे-मागे होते: साळगावकर क्लब १९५६ मध्ये 'विमसन' या नावाने उभा राहिला होता.

९. निष्कर्ष लिहिताना

एकच साल देण्याचा हट्ट सोडा. क्लबाचा दावा, सर्वांत जुना समकालीन उल्लेख आणि पहिला नोंदलेला सामना ही तीन साले शेजारी शेजारी लिहा, आणि तुम्ही कोणते मानता ते कारणासह सांगा. नॉट्स काउंटीसारख्या ठिकाणी तर दोन्ही साले निर्वेधपणे देता येतात: १८६२ मध्ये खेळ सुरू झाला, आणि डिसेंबर १८६४ च्या सभेत क्लब रीतसर स्थापन झाला.

शेवटी, शोध कोणत्या तारखेपर्यंत घेतला ते जरूर नोंदवा. वृत्तपत्रसंग्रहांत नवी पाने सतत भरली जातात, आणि सप्टेंबर १८६८ च्या आधीची एखादी चार ओळींची बातमी उद्या वर आली तर स्टोकविषयीचा माझा तक्ता मला पहिल्या ओळीपासून बदलावा लागेल. म्हणून त्या नोंदीच्या शेऱ्यात मी साल लिहिले आहे, आणि त्यापुढे कंसात 'आजवर सापडलेले' असे.